पंधरा दिवसांचा पाहुणा

कुत्रा-मांजर आवडतं, पण जागा नाही, वेळ नाही, घर भाड्याचं… कारणं अगदी खरी आहेत. म्हणूनच तर 'फॉस्टर' हा फंडा तुमच्यासाठी आहे!

ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर महिन्यातून एकदा तरी तो फोटो येतोच. बुटांचा खोका, त्यात जुना टॉवेल आणि टॉवेलमधून डोकावणारे दोन टपोरे डोळे. खाली एक ओळ, 'लालबाग मार्केटजवळ सापडलंय, कोणी ठेवू शकेल का? अर्जंट!' पुढच्या दहा मिनिटांत हार्ट्सचा पाऊस, 'सो क्यूट', 'अगं बाई, किती गोड' वगैरे वगैरे. मग बॉस एक्सेल शीट टाकतो आणि विषय संपतो. खोक्यातलं पिल्लू मात्र खोक्यातच!

खरं तर त्या ग्रुपमधलं कोणीच दगडाच्या काळजाचं नसतं. काहीतरी करायला हवं, असं प्रत्येकालाच वाटतं. पण लगेच पुढची बारा-पंधरा वर्षं डोळ्यांसमोर येतात. लग्न, बदली, ऑनसाइट, घरमालक, सासू… आणि टाइप करणारं बोट मागे येतं. साहजिक आहे. पण मंडळी, त्या ओळीत 'पाळा' असं कुठे लिहिलंय? तिथे लिहिलंय 'ठेवा'. या दोन शब्दांतला फरक म्हणजे फॉस्टरिंग. पिल्लाला किंवा आजारातून उठलेल्या जनावराला कायमचं घर मिळेपर्यंत आपल्या घरात सांभाळायचं आणि मग योग्य हातात सोपवायचं. बस्स!

सगळ्यांचा मोत्या

गिरगाव, दादर, परळ, लालबागच्या चाळींनी हा प्रश्न फारसा डोक्याला लावून घेतला नव्हता. चाळीत कुत्रा कोणी पाळायचं नाही, तो असायचाच. झोपायला जिन्याखाली, जेवायला तळमजल्यावरच्या काकूंकडे, आणि भुंकायला पोस्टमनवर. मांजर चार खोल्यांत चार नावांनी वावरायची. ज्या घरी बांगडा तळला जायचा, त्या दिवशी ती त्यांची! बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची, पण गॅलरी, जिना आणि पटांगण धरलं तर जनावराला जागाच जागा.

आता चाळींचे टॉवर होतायत. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना १४ ऑगस्ट २०२५ रोजी ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. आनंदाचीच गोष्ट आहे, तीन पिढ्यांनी वाट पाहिलेली. पण एक हिशोब करून बघा. अशा बदलात माणसाची जागा तिपटीने वाढते आणि जिन्याखाली राहणाऱ्याची शून्यावर येते. टॉवरला लॉबी असते, सिक्युरिटी असते, सीसीटीव्ही असतो. चाळीत जो सगळ्यांचा होता, तो इथे कोणाचाच नसतो. मांजर तर माणसापेक्षा जागेला धरून राहणारं जनावर. टेम्पोत सामान चढतं, माणसं जातात, ती तिथेच घुटमळते.

थोडक्यात, पूर्वी अख्खी चाळ मिळून जे न ठरवता करायची, ते आता कोणीतरी एकाने ठरवून करावं लागणार आहे.

बैलघोडा, मीटर डाउन!

आपल्या भागाला हे काही नवीन नाही बरं का. जून १८३२ मध्ये ब्रिटिशांनी फोर्टात भटकी कुत्री मारायला काढली, तेव्हा पारशी मंडळी रस्त्यावर उतरली आणि दंगल झाली. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभॉय यांच्यासारख्या दानशूरांच्या पुढाकाराने भुलेश्वरला, म्हणजे गिरगावपासून चालत जाण्याच्या अंतरावर, पांजरपोळ उभा राहिला. आज तिथे गाई दिसतात, पण सुरुवातीला त्यामागे कुत्र्यांचाच विचार होता.

परळचं उदाहरण तर सगळ्यांच्या ओळखीचं. टॅक्सीवाल्याला 'बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल' म्हणून बघा, तो तोंडाकडे बघत बसेल. 'बैलघोडा' म्हणा, मीटर डाउन! गिरणीमालक सर दिनशॉ माणेकजी पेटिट यांच्या पत्नीच्या नावाचं हे हॉस्पिटल १८८३ मधलं. ते चालवणारी प्राण्यांवरील क्रौर्य रोखणारी संस्था त्याहूनही जुनी, १८७४ ची. माल ओढणारे बैल आणि व्हिक्टोरियाचे घोडे रस्त्यावरून गेले, नाव तेवढं राहिलं. जवळच महालक्ष्मीला 'वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्स' ही १९८५ मध्ये सुरू झालेली संस्था काम करते, आणि २०२४ पासून टाटा ट्रस्ट्सचं छोट्या प्राण्यांचं चकाचक हॉस्पिटलही तिथेच आहे.

टाटांचा विषय निघालाय तर 'गोवा'ला विसरून कसं चालेल? गोव्यात एका सहकाऱ्याच्या गाडीत चढलेलं एक भटकं पिल्लू थेट फोर्टातल्या बॉम्बे हाउसमध्ये आलं आणि रतन टाटांचं ऑफिसमधलं सोबती झालं. २०१८ मध्ये बॉम्बे हाउसचं नूतनीकरण झालं, तेव्हा रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी तिथे खास खोलीच ठेवली गेली. कॉर्पोरेट ऑफिस आणि गावठी कुत्रा एकत्र नांदू शकतात, याचं याहून स्टायलिश उदाहरण नाही!

हॉस्पिटल आहे ना, मग फॉस्टर कशाला?

हा प्रश्न मलाही पडला होता. उत्तर सोपं आहे आणि थोडं भीतीदायकही. जिथे आजारी जनावरं येतात, तिथे आजारही येतात. कुत्र्यांचा पार्वो आणि मांजरांचा पॅनल्युकोपेनिया हे विषाणू भांड्यांवरून, हातांवरून, बुटांच्या तळव्यांवरून पसरतात. पिल्लांना लशीचा पहिला डोस साधारण सहा ते आठ आठवड्यांना मिळतो. त्याआधी गर्दीच्या वॉर्डात ठेवलेलं धडधाकट पिल्लू चार दिवसांत दगावू शकतं. म्हणजे ज्याला काहीही झालेलं नाही, त्याच्यासाठी हॉस्पिटल ही सगळ्यात चुकीची जागा. त्याला हवी एक साधी, स्वच्छ, शांत मोरी किंवा बाल्कनीचा कोपरा. बंगला नको, फार्महाउस नको.

आणि दर वेळी रात्री-अपरात्री बाटलीने दूध पाजावं लागतं असंही नाही. डोळेही न उघडलेल्या पिल्लाला दर दोन-तीन तासांनी पाजावं लागतं, ओल्या कापसाने पुसून शी-शू करायला लावावी लागते. नऊ ते सहा जॉबवाल्यांनी त्या वाटेला जाऊच नये. पण खाऊ लागलेली सहा आठवड्यांची पिल्लं, किंवा ऑपरेशननंतर आठ-दहा दिवस टाके सांभाळायचे असलेला मोठा कुत्रा, हे आपल्याला सहज जमण्यासारखं आहे. मोठ्या कुत्र्याला तर बाहेर नेलं की काम झालं. तसाही तुम्ही मॉर्निंग वॉकचा संकल्प दर एक जानेवारीला करताच ना?

आईचा फराळाचा काटा

गिरगावातल्या आमच्या दीड खोलीत दोन पिल्लं आली, तेव्हा ती महिन्याभराची होती. आईचं स्वागतपर भाषण ठरलेलं, "इथे माणसांना पाय पसरायला जागा नाही आणि तू…" मी म्हणाले, "पंधराच दिवस गं." मोरीत एक टोपली, एका परातीत रेती, दाराला फळी. झाला वॉर्ड तयार!

पिल्लाचं वजन आठवड्याला साधारण शंभर ग्रॅमने वाढायला हवं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. वजन थांबलं तर काहीतरी बिघडलंय. चौथ्या दिवशी ऑफिसातून आले तर आईने दिवाळीच्या फराळाचा काटा काढलेला आणि कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी ग्रॅम लिहिलेले. फिनेलची बाटली तिने स्वतःहून माळ्यावर टाकली, कारण फिनेल मांजरांना विषारी असतं हे कळल्यावर तीच हादरली. बाबांनी मात्र शेवटपर्यंत 'मला काही घेणं-देणं नाही' हा स्टँड सोडला नाही. फक्त रात्री मोरीचं दार उघडून कोण बघत होतं, ते आम्हाला ठाऊक आहे!

पंधरा दिवसांचे पाच आठवडे झाले. पहिली लस झाली आणि नायगावच्या एका जोडप्याने दोघांना मिळून नेलं. त्यांच्या खिडक्यांना जाळी आहे की नाही हे बघायला मी आधी जाऊन आले, चहा पिऊन आले. अगदी मुलगी द्यायला निघाल्यासारखं! ती गेली त्या रात्री आई म्हणाली, "ठेवली असती तर काय बिघडलं असतं?"

प्रश्न रास्त आहे, आणि फॉस्टरिंगमधली सगळ्यात कठीण गोष्ट तीच आहे. सांभाळणाऱ्यानेच ठेवून घेतलं तर त्याला गमतीने 'फॉस्टर फेल' म्हणतात. त्या पिल्लाच्या दृष्टीने उत्तमच झालं. पण दीड खोलीचं घर दोन मांजरांनी भरतं आणि पुढच्या खोक्याला 'नाही' म्हणावं लागतं. दिलीत, तर मोरी पुन्हा रिकामी. पाहुणा गेला म्हणूनच पुढच्या पाहुण्याला जागा होते. हे गणित मनाला पटायला वेळ लागतो, डोक्याला लगेच पटतं.

जबाबदारी कोणाची?

मुंबईत २०१४ च्या गणनेत ९५,१७२ भटकी कुत्री मोजली गेली आणि २०२४ च्या पाहणीत सुमारे ९० हजार. ती सगळी काही कोणाच्या घरी जाणार नाहीत. त्यांच्यासाठी उपाय नसबंदी आणि रेबीजची लस हाच आहे. २००१ चे आणि त्यांच्या जागी आलेले २०२३ चे केंद्राचे नियम तेच सांगतात. कानाला खाच असलेला कुत्रा दिसला, तर समजा, त्याचं ऑपरेशन झालंय.

पण २०२५ मध्ये चित्र बदललं. सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबरच्या आदेशात शाळा-कॉलेज, हॉस्पिटलं, रेल्वे स्टेशनं आणि बस डेपोंमधली कुत्री निवाऱ्यात हलवायला आणि पुन्हा तिथेच न सोडायला सांगितलं. परळ म्हणजे केईएम, वाडिया आणि टाटा, तर दादर म्हणजे स्टेशन. विचार करा! चावा घेणाऱ्या कुत्र्याची भीती खोटी नाही, रेबीजवर एकदा लक्षणं दिसली की इलाज नाही. पण वर्षानुवर्षं एकाच आवारात शांतपणे राहिलेल्या, माणसाळलेल्या कुत्र्यासाठी निवाऱ्याहून बरा पर्याय एकच, घर. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात न्यायालयाने तो दरवाजा उघडाही ठेवलाय. महापालिकेकडे अर्ज करून भटका कुत्रा दत्तक घेता येईल, मात्र तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही, ही जबाबदारी घेणाऱ्याची.

हीच खरी मेख आहे. चाळीतल्या मोत्यावर सगळ्यांचं प्रेम होतं, पण त्याला लस कोणी दिली, हा प्रश्न विचारला तर सगळे एकमेकांकडे बघायचे. दत्तक म्हणजे त्या प्रश्नाला 'मी' असं उत्तर देणं. आणि फॉस्टर म्हणजे तो 'मी' सापडेपर्यंत मधले दिवस निभावून नेणं. पुढच्या वेळी तो फोटो आला, की हार्ट टाकायच्या आधी घरातली मोरी आठवा. हार्ट नंतरही टाकता येतं.

हे लक्षात असू द्या

● भाड्याने राहत असाल तर घरमालकाला आधी विचारा. सोसायटीला मात्र पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्येच हे स्पष्ट केलंय.

● 'किती दिवस' आणि 'औषधांचा खर्च कोणाचा', हे पिल्लू घरी आणायच्या आधीच संस्थेशी बोलून घ्या.

● गाईचं दूध पिल्लांना बाधतं, जुलाब होतात. मांजराच्या पिल्लांसाठी वेगळी दूध पावडर मिळते.

● मांजराला तापाची गोळी म्हणून पॅरासिटामॉल कधीही देऊ नका, जिवावर बेतेल. चॉकलेट, कांदा, मनुका कुत्र्यापासून लांब.

● टॉवरमध्ये राहत असाल तर मांजर आणण्याआधी खिडक्यांना जाळी. मांजर उंचावरून पडत नाही, हा निव्वळ गैरसमज.

● घरी आधीच कुत्रा-मांजर असेल तर पाहुण्याला निदान दोन आठवडे वेगळं ठेवा.

● लालबाग-परळकरांनो, गणपतीतले ढोल आणि दिवाळीतले फटाके सुरू असताना नवा कुत्रा घरी आणू नका. बिथरून पळालेला कुत्रा शोधणं महाकठीण.

● कुत्रा दत्तक घेतलात की महापालिकेचं लायसन्स, रेबीजची लस आणि नसबंदी या तीन गोष्टींना 'पुढच्या महिन्यात बघू' चालत नाही.