घराणं नसलेल्या गावातलं गाणं

गोंदियाला स्वतःचं घराणं नाही. ग्वाल्हेर, किराणा, जयपूर ही नावं इथल्या मुलांना पुस्तकातच भेटतात. तरीही राइस मिलच्या या गावातली मुलं पेटी घेऊन पलटे घोटतात, ‘प्रारंभिक’ देतात, ‘प्रवेशिका’ला बसतात आणि त्यातली चिवट मुलं ‘विशारद’पर्यंत जातात. कुणा उस्तादाच्या घरी राहून वर्षानुवर्षं सेवा न करता गाणं शिकता यावं, ही सोय ज्याने केली तो माणूस कुरुंदवाडचा.

विष्णु दिगंबर पलुस्करांचा जन्म १८७२चा. लहानपणी फटाक्याने डोळे अधू झाले, शिक्षण थांबलं आणि मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्यांनी गाण्याची तालीम घेतली. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. ठरलेल्या वेळी वर्ग, ठरलेला अभ्यासक्रम, छापलेली स्वरलिपी आणि शेवटी परीक्षा, असा प्रकार गाण्यात तोवर फारसा कुणी पाहिला नव्हता. १९३१मध्ये पलुस्कर गेले आणि त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. मिरजेच्या या मंडळाच्या परीक्षांनी लहान गावांतल्या गाण्याच्या क्लासला कणा दिला.

प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, विशारद प्रथम, विशारद पूर्ण. ही सात वर्षांची चढण झाली की पुढे अलंकार. सुरुवातीला दुर्गा, काफी, भूपाली असे राग, एखादी सरगम, एखादं लक्षणगीत, छोटा ख्याल आणि हातावर दादरा-केरवा. पुढे लेखी पेपर येतो, बडा ख्याल येतो, ताल दुगुनीत म्हणावे लागतात. परीक्षेने गवई घडत नाही, हा आक्षेप जुना आहे आणि तो खरा आहे. पण ज्या गावात मैफल क्वचित होते, तिथे पुढच्या सत्रापर्यंत यमन बसला पाहिजे ही तारीखच मुलाला पहाटे उठवते. डिसेंबरात विदर्भातलं सगळ्यात कमी तापमान पुष्कळदा गोंदियाचंच असतं. त्या थंडीत गळा उघडायला तयार नसतो. आधी लांब ‘सा’ धरून बसावं लागतं, मग खर्जात, मंद्रातल्या निषाद-धैवतापर्यंत उतरायचं, आणि गळा तापल्यावरच पलट्यांना हात घालायचा. घरात बाकीचे झोपलेले असतात. खोली एकच असेल तर तोंड मिटून गुणगुणत रियाज होतो, आणि तोही उपयोगाचा असतो.

आणखी एक अडचण इथली खास आहे. मूल घरी पोवारी बोलतं किंवा छत्तीसगढी, बाजारात हिंदी, शाळेत मराठी. आणि बंदिशीचे शब्द ब्रजचे. ते नुसते पाठ करून चालत नाहीत, कुठला शब्द समेवर येतो आणि का येतो हे गुरुजींना उलगडून सांगावं लागतं. जे शिक्षक हे सांगतात त्यांचे विद्यार्थी पहिल्या आवर्तनातच ओळखू येतात.

पण मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते समूहगान. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, गुरुपौर्णिमा, शाळेचं संमेलन. निमित्त कुठलंही असो, तालीम महिनाभर आधी सुरू होते. पहिला पेच पट्टीचा. मुलींना काळी चार सोयीची, आवाज फुटलेल्या मुलांना काळी एक. काळी चार धरली तर मुलांना तार षड्ज गाठताना ओरडावं लागतं. काळी एक धरली तर मुलींचा आवाज खाली विरतो. जाणता शिक्षक पट्टी मधली निवडतो, ध्रुवपदाचा खालचा भाग मुलांना देतो, अंतरा मुलींना, आणि शेवटी दोघांना दोन सप्तकांत एकत्र आणतो. दुसरा पेच श्वासाचा. सगळ्यांनी एकाच ठिकाणी श्वास घेतला तर ओळीत भोक पडतं, म्हणून जोडीने ठरवून वेगवेगळ्या जागी घ्यायचा. परीक्षकापुढे एकटं बसणाऱ्या मुलाला आपला गंधार चढला हे कळत नाही. शेजारी तिघंजण नेमका गंधार लावत असले की ते कानाला टोचतं. गाण्यातलं ऐकणं इथे शिकून होतं, आणि अभ्यासक्रमाने या शिक्षणाला आजच्याहून मोठी जागा द्यावी, असं मला मनापासून वाटतं.

या सामूहिक गाण्याची मुळं आपल्याकडे खोल आहेत. पलुस्करांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे साबरमती आश्रमात प्रार्थना गाऊन घेत, आणि १९३०च्या दांडीयात्रेत तेही चालले. विदर्भात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरी हाती घेऊन गावं गोळा केली, सामुदायिक प्रार्थना रोजच्या दिनक्रमात आणली. त्यांच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या प्रार्थनेत बसलेल्या मुलाला ‘एका सुरात म्हणा’ हे वेगळं शिकवावं लागत नाही. क्लासमध्ये येताना तो ते घरून घेऊन येतो.

पुढे काय, याची उत्तरं गोंदिया जंक्शनवरूनच फुटतात. हावड्याकडच्या लाइनीवर सालेकसा, दरेकसा मागे टाकून डोंगरगढ येतं आणि तिथून रस्त्याने खैरागढ. तिथल्या राजा-राणीने आपला राजवाडा देऊन १९५६मध्ये इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय उभं केलं; बालपणी गेलेल्या मुलीचं नाव त्याला दिलं. भातखंड्यांचे शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर यांनी तिथे कुलगुरुपद सांभाळलं. पूर्णवेळ गाणंच शिकायचं असेल तर घरापासून हे सगळ्यात जवळचं मोठं ठिकाण.

दुसरी लाइन दक्षिणेला चंद्रपूरकडे जाते. त्या लाइनीवर वडसा आहे, झाडीपट्टी रंगभूमीच्या नाटक कंपन्यांचं गाव. दिवाळीनंतर मंडईचे, म्हणजे गावोगावच्या जत्रांचे, दिवस सुरू झाले की मागणी येते ती गाणाऱ्या नटांना आणि ऑर्गन-तबल्याच्या साथीदारांना. नाटक रात्री उशिरा उघडतं आणि पहाटेपर्यंत चालतं, गाणी जागेवर गायची असतात, आणि समोर शेतातून आलेला प्रेक्षक आवडलेल्या पदाला ‘वन्समोअर’ देतो. त्या वन्समोअरला पुन्हा तितक्याच जोरात तार षड्ज लावायला लागतो. हिवाळ्यातला खर्ज तेव्हा कामी येतो.