स्फोट कुणापर्यंत पोचला?

फायरबॉल, म्हणजे आगीच्या गोळ्याचा मंत्र, टाकायचा ठरला की आमच्याकडे सगळ्यात आधी कंपासपेटी उघडते. खेळ डंजन्स अँड ड्रॅगन्स, बैठक बीडमधल्या गच्चीवरच्या खोलीत, भिडू म्हणजे सुट्टीला आलेली भाचरं, आणि डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा, मी. नकाशातलं देऊळ मी कंकालेश्वरावरून उचललंय: तळ्याच्या मधोमध दगडी मंदिर, आत खांब. आलेखाच्या कागदावर एक सेंटिमीटर म्हणजे पाच फूट. फायरबॉलची त्रिज्या 20 फूट, म्हणजे चार सेंटिमीटर. रेषा जिथे छेदतात तिथे टोक रोवायचं, वर्तुळ मारायचं; निम्मी चौकट आत आली की तिथला माणूस भाजला.

भांडण तिरप्या चौकटींवरून पेटतं. 2014च्या नियमांत तिरपं पाऊलही पाच फुटांचंच. बोटाने चार तिरप्या चौकटी मोजल्या तर भिडू स्फोटात. कंपासने मोजलं तर तेच अंतर साडेपाच सेंटिमीटरच्या वर जातं आणि तो वाचतो. 2008च्या आवृत्तीने आगच चौकोनी केली होती, सात बाय सात चौकटी. वाद मिटला खरा, पण चौकोनी आग बघायची कुणी? आम्ही चालताना बोटाने मोजतो आणि स्फोट कंपासने. विसंगत आहे, चालतं.

"मामा, मी खांबामागं हाय की!" हेही ठरलेलं. विजेचा झोत असता तर मानलं असतं. तो 100 फूट लांब, पाच फूट रुंद, सरळ जातो. फायरबॉल मात्र कोपऱ्याला वळसा घालतो, असं 2014च्या नियमातच लिहिलंय. 1978च्या पुस्तकात तो याहून वाईट होता: सुमारे 33,000 घनफूट जागा भरेपर्यंत पसरायचा. दहा फूट रुंद, दहा फूट उंच बोळात टाकला तर 330 फूट आग, म्हणजे टाकणाराही त्यातच.

तोंड कुणाचं कुठे, हा प्रश्न जुन्या आवृत्त्यांत रोजचा होता. 2014च्या मूळ नियमांत तो नाही. सगळे सगळीकडे बघत असतात असं धरायचं. मास्टरच्या पुस्तकात एक ऐच्छिक नियम आहे: चाल संपताना तोंड ठरवायचं, मागून वार झाला तर मारणाऱ्याला फायदा, आणि ढाल फक्त समोर व ती धरलेल्या बाजूला उपयोगी. आम्ही तो वापरून पाहिला. सोंगटी म्हणून ठेवलेल्या प्रत्येक झाकणावर बाण काढावा लागला आणि जो तो दुसऱ्याच्या पाठीमागे पळू लागला. लढाईची फुगडी झाली. सोडून दिला.

पण बिहोल्डर हा अनेक डोळ्यांचा राक्षस आला की तोंड टाळता येत नाही. त्याच्या मधल्या डोळ्यातून जादू बंद पाडणारा 150 फुटांचा शंकू निघतो. आमच्या मापाने 30 सेंटिमीटर लांब आणि दूरच्या टोकाशी तेवढाच रुंद. वर्तमानपत्रातून कापलेला त्रिकोण अर्धा नकाशा झाकतो. शंकू कुठे वळवायचा हे तो स्वतःच्या पाळीच्या सुरुवातीला ठरवतो. खरी गंमत पुढे आहे: त्या शंकूत त्याच्या स्वतःच्या बाकीच्या डोळ्यांतून निघणारे जादूचे किरणही विझतात. ज्याच्याकडे तो रोखून बघतोय तो जादूगार मंत्राविना लाचार, पण किरणांपासून सुरक्षित. कडेबाहेरचा भिडू मंत्र टाकू शकतो आणि किरणही खातो.

म्हणून त्याच्या पाळीत मी आधी त्रिकोण ठेवतो, मग किरणांचे फासे टाकतो. उलटं केलं तर त्रिकोण आपोआप सोयीच्या जागी सरकतो, आणि भाचरं ते लगेच पकडतात.