गावाला बंगला बांधताय? आधी पावसाळ्यात तिथे कोण राहणार ते ठरवा

सुट्टीचे दिवस आले की आखातातली आणि मुंबईची माणसं गावी उतरतात. मग श्रीवर्धन, म्हसळा, महाड, खेड, चिपळूण, रत्नागिरीच्या मोहल्ल्यांत गप्पांचा विषय एकच. कुणी किती गुंठे घेतले, कुणाचा स्लॅब भरला, कुणी थेट स्कीममधला ‘व्हिला’ बुक केला. पूर्वी आपण बंगला म्हणायचो, आता व्हिला म्हणतो. नाव बदललं, पण प्रश्न जुनाच आहे. त्या घरात राहणार कोण?

ईदच्या दिवशी घर कसं भरलेलं असेल, हे डोळ्यांसमोर आणून आपण घर बांधतो. पण घर वापरायचं असतं ते जुलैमधल्या एखाद्या मंगळवारी. मुलं दोहा-कुवेतला, सुना मुंब्र्याला, आणि घरात अब्बा-अम्मी दोघंच. आमच्या ओळखीच्या एका घरात वर चार खोल्या आहेत, प्रत्येकीला वेगळं बाथरूम. अम्मींचे गुडघे गेलेत. त्या तीन वर्षांत वर गेलेल्या नाहीत. वरच्या गाद्यांना बुरशी आली आणि आता साफसफाईला महिन्यातून दोनदा माणूस लावावा लागतो. घर सुंदर आहे, माशाअल्लाह. पण ते त्या दोघांसाठी बांधलेलं नाही.

म्हणून घर कुठल्याही प्रकारचं घ्या, तळमजल्यावर एक झोपायची खोली आणि तिला लागून बाथरूम असलंच पाहिजे. ही अट आम्ही सोडणार नाही.

आता प्रकार पाहू. स्वतःच्या प्लॉटवरचा स्वतंत्र बंगला म्हणजे चारही बाजू मोकळ्या, विहीर किंवा बोअर आपली, अंगण आपलं, आणि कटकटही सगळी आपलीच. कोकणात मोसमाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. १००० चौरस फुटांच्या गच्चीवर हा पाऊस धरला तर पावणेतीन लाख लिटरहून जास्त पाणी होतं. ते कुठून उतरणार, कुठे जाणार, हे आधी ठरलं नाही तर तीन-चार पावसाळ्यांत भिंती ओल्या होतात. मग लोक गच्चीवर पत्र्याची शेड टाकतात. तीही नीट आवळलेली हवी. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन-दिवेआगर भागात पत्रे कसे उडाले, हे त्या बाजूच्या लोकांना सांगायला नको.

ट्विन बंगल्यात एक भिंत शेजाऱ्याची, बाकी तीन बाजू मोकळ्या. दोन भावांना हा प्रकार चांगला जमतो. चुली वेगळ्या राहतात आणि हाक मारली की माणूस येतो. रो हाऊसमध्ये दोन्ही बाजूंच्या भिंती सामाईक असतात, त्यामुळे उजेड-वारा फक्त पुढून आणि मागून. मधली खोली दिवसाही दिवा मागते. पण म्हातारी माणसं एकटी राहणार असतील तर रो हाऊसला नाकं मुरडू नका. रात्री कुणाच्या छातीत दुखलं तर भिंतीपलीकडचा शेजारी दारात उभा असतो. गेटच्या आतल्या व्हिला स्कीममध्ये वॉचमन, पाणी, रस्ते मिळतात, मात्र दर महिन्याचा मेंटेनन्स घर बंद असलं तरी भरावा लागतो. शिवाय जमीन तुमच्या नावावर होणार की सोसायटीच्या, हे करारनाम्यात वाचा. ब्रोशरमध्ये ते सापडणार नाही.

नकाशाबद्दलही एक सांगतो. आपल्या जुन्या घरांत पडवी होती, माजघर होतं, मागे परसू होतं. बाहेरचा पाहुणा पडवीत बसायचा आणि बायकांना आत मोकळेपणाने वावरता यायचं. आजच्या व्हिलात दार उघडलं की समोर ओपन किचन! मग पाहुणे आले की अम्मी आणि सुना वर जाऊन बसतात. दिवाणखान्याला वेगळं दार आणि मागे भांड्याधुण्याची जागा हवी, हे आर्किटेक्टला पहिल्याच दिवशी सांगा.

कागदांकडे जरा थांबून पाहू, कारण पैसे बुडतात ते इथे. ‘फार्महाऊस प्लॉट’ म्हणून विकली जाणारी जागा बरेचदा शेतजमीनच असते. महाराष्ट्रात जो शेतकरी नाही त्याला ती सहसा घेता येत नाही. आणि परदेशात राहणाऱ्या भारतीयाला फेमा कायद्याप्रमाणे शेतजमीन किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही, वारशाने मिळालं तर ठेवता येतं. तेव्हा जागा एनए आहे का ते पाहा. नोटरीच्या कागदाने मालकी येत नाही, खरेदीखत नोंदवावंच लागतं. स्कीम असेल तर महारेराच्या साइटवर तिचा नंबर टाकून बघा, प्लॉटच्या स्कीमही रेरात येतात. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. मोजणीचा नकाशा हातात घेऊन जागेवर उभे राहा, फोनवर भाईच्या भरवशावर टोकन देऊ नका.

सगळ्यात नाजूक गोष्ट वडिलांच्या जमिनीवर बांधण्याची. एक भाऊ पंधरा वर्षं आखातात राबतो, पैसे पाठवतो, घर उभं राहतं. अब्बांचा इंतकाल झाला की सातबाऱ्यावर सगळ्या वारसांची नावं चढतात, बहिणींचीही. चढलीच पाहिजेत, त्यांचा हिस्सा आहे. पण घराचं काय? पैसे कुणी घातले याचा कागद कुठेच नसतो. मग ज्याने घाम गाळला तो कडू होतो आणि जिचा हक्क आहे तीच लोभी ठरते. हे टाळायचं असेल तर पाया खोदण्याआधी अब्बा हयात असतानाच सगळ्यांना समोर बसवा. घरासाठीची जागा कुणाची, बाकीच्यांना बदल्यात काय, हे लिहून वकिलाकडून रीतसर नोंदवून घ्या. बहिणीकडून हक्कसोड घ्यायची झाली तर तिला तिच्या हिश्शाची किंमत सांगून, तिच्या राजीखुशीने. लाजेपोटी केलेली सही आम्ही खुशीची धरत नाही.

आणि अजून मन ठरत नसेल तर घाई कशाला? जून-जुलैत त्याच गावात एक महिना भाड्याने राहा. लाईट गेली की किती तासांनी येते, नळाला पाणी कधी येतं, रात्री रिक्षा मिळते का, डॉक्टर किती लांब, अब्बांना पायी मशिदीत जाता येतं का, हे सगळं तिथे कळेल. अम्मींनाही सोबत न्या. त्यांना तिथे करमतं का, ते महिना संपल्यावर त्यांनाच विचारा.