तळघरातील चित्रपटगृह : आधी वायर, मग स्पीकर

'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट कोल्हापूरच्या प्रभात कंपनीने १९३२ साली पडद्यावर आणला. त्या काळी नायक पडद्याच्या डावीकडून बोलो वा उजवीकडून, आवाज एकाच ठिकाणाहून येत असे. बरोबर साठ वर्षांनी, १९९२ मध्ये 'बॅटमॅन रिटर्न्स' या हॉलिवूडपटाबरोबर डॉल्बी डिजिटल हे तंत्र चित्रपटगृहांत दाखल झाले आणि आवाज प्रेक्षकाच्या चहूबाजूंनी येऊ लागला. आज तेच तंत्र मध्यमवर्गीयांच्या दिवाणखान्यात पोहोचले आहे. ज्यांच्या नव्या घराला तळघर आहे, त्यांची नजर साहजिकच त्या रिकाम्या जागेकडे वळते. मात्र जयसिंगपूरसारख्या गावात हा बेत आखताना आवाजाइतकाच विचार पाण्याचा आणि विजेचा करावा लागतो. खिशाला परवडेल अशा खर्चात हे काम कसे करावे, याचा हा आढावा.

'डॉल्बी'चा गैरसमज

कोल्हापूर-सांगली पट्ट्यात 'डॉल्बी' म्हटले की मिरवणुकीत ट्रॅक्टरवर रचलेली स्पीकरची भिंत डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात ते एका कंपनीचे नाव आहे आणि तिच्या तंत्राचा भर आवाजाच्या मोठेपणावर नसून दिशेवर आहे. घरगुती संचात '५.१' असे लिहिलेले असते. त्यातील पाच म्हणजे समोरचे डावा, उजवा व मधला आणि मागच्या बाजूचे दोन असे पाच स्पीकर. 'पॉइंट एक' म्हणजे केवळ खर्जातील आवाजासाठी राखलेला मार्ग. तो सबवूफरकडे जातो आणि त्याची मर्यादा साधारण १२० हर्ट्झपर्यंत असते. संवादांचा बहुतेक भार मधला स्पीकर वाहतो. त्यामुळे पैसे मोजकेच असतील तर समोरच्या तीन स्पीकरवर आधी खर्च करावा. मागचे दोन आणि सबवूफर पुढच्या दिवाळीला घेतले तरी बिघडत नाही.

वायरच्या बाबतीत मात्र असे टप्पे पाडता येत नाहीत. गिलावा झाल्यावर भिंत फोडायची तर गवंडी, रंगारी आणि वायरमन असा तिघांचा खर्च पुन्हा येतो. म्हणूनच स्पीकर कितीही उशिरा येणार असले, तरी सर्व जागांपर्यंतचे पाइप व वायर एकाच वेळी टाकून घेणे शहाणपणाचे. छतात दोन जादा पाइप, आत ओढण्यासाठी नायलॉनची दोरी घालून, सोडून द्यावेत. उद्या छतातील स्पीकरची हौस झाली तर तेच कामी येतील.

पाण्याची परीक्षा

छत्रपती शाहू महाराजांनी आपले वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने जयसिंगपूर वसवले. शिरोळ तालुक्यातील नदीकाठच्या गावांच्या तुलनेत हे शहर उंचावर आहे. तरीही २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षी कृष्णा-पंचगंगेच्या महापुराने तालुक्याला दिलेला तडाखा कोणी विसरलेले नाही. तळघरात पाणी येण्यासाठी नदी दारात यावी लागते असेही नाही. पावसाळ्यात जमिनीतील ओल भिंतीतून झिरपते आणि गटार तुंबले तर पाणी उलट फिरते.

यासाठी एक साधी परीक्षा आहे. सुमारे मीटरभर लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा कागद भिंतीला चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावावा आणि दोन दिवस तसाच ठेवावा. कागदाच्या भिंतीकडील बाजूला थेंब दिसले तर पाणी भिंतीतून येत आहे. खोलीकडील बाजूला दिसले तर हवा दमट आहे. पहिल्या प्रकारात जलरोधक काम झाल्याशिवाय एक रुपयाही ध्वनियंत्रणेवर खर्च करू नये. दुसऱ्या प्रकारात हवा खेळती ठेवण्याची सोय पुरते. ही परीक्षा भर पावसाळ्यात घेतली तरच तिला अर्थ आहे.

पाण्याचा धोका गृहीत धरून वायर फरशीखालून न नेता छताकडून खाली आणावी. सॉकेट जमिनीपासून किमान चार फूट उंच असावेत. तळघराचा वीजपुरवठा तोडणारा बोर्ड तळघरात नव्हे, वरच्या मजल्यावर बसवावा. तळात पाणी साचलेले असताना पायऱ्या उतरून बटण बंद करायला जाणे जिवावर बेतू शकते. या मंडलावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी असावी. गळणारा प्रवाह ओळखून ती क्षणार्धात वीज तोडते. तिचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. येथे काटकसर नको.

वायर किती जाडीची?

काटकसरीला खरा वाव स्पीकरच्या वायरमध्ये आहे. सोनेरी टोकांच्या महागड्या केबलची गरज नसते. वायरीचा रोध, जाण्या-येण्याच्या दोन्ही तारा धरून, स्पीकरच्या रोधाच्या पाच टक्क्यांपेक्षा कमी असावा, हा सर्वमान्य दंडक आहे. आठ ओहमच्या स्पीकरला ही मर्यादा ०.४ ओहम येते.

मागचा स्पीकर दहा मीटरवर आहे असे समजू. दोन्ही तारा मिळून लांबी वीस मीटर होते. अर्धा चौरस मिलिमीटरच्या बारीक तांब्याच्या वायरचा रोध तेवढ्या लांबीत सुमारे ०.७८ ओहम भरतो. ही वायर बाद ठरते. एक चौरस मिलिमीटरची वायर ०.३९ ओहमवर जेमतेम उत्तीर्ण होते, तर दीड चौरस मिलिमीटरची ०.२७ ओहमवर निर्धास्त बसते. घरगुती संचांतील स्पीकर अनेकदा चार किंवा सहा ओहमचे असतात. त्यांची मर्यादा आणखी कमी असल्याने दीडची वायर घेणे इष्ट. चार ओहमचा स्पीकर दूर असेल तर अडीचची घ्यावी.

सोळा फूट लांब आणि बारा फूट रुंद खोलीचा हिशेब पाहू. अ‍ॅम्प्लिफायर टीव्हीखाली ठेवला तर समोरच्या डाव्या-उजव्या स्पीकरला प्रत्येकी तीन मीटर आणि मधल्याला दोन मीटर वायर लागते. मागच्या दोघांना छताकडून वळसा घालून प्रत्येकी दहा मीटर. एकूण २८ मीटर झाली. थोडी ढील धरून ३२ मीटर पुरते.

खरेदी करताना टोक खरवडून पाहावे. आतून पांढरी धातू दिसली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनिअमची वायर आहे. अ‍ॅल्युमिनिअमची वहनक्षमता तांब्याच्या सुमारे ६१ टक्केच असते. अशी वायर घराच्या वीजजोडणीला तर कदापि वापरू नये.

गुणगुण आणि उलटे टोक

स्पीकरची वायर आणि २३० व्होल्टची वायर एकाच पाइपातून नेणे ही सर्रास होणारी चूक आहे. दोहोंत फूटभर अंतर ठेवावे. एकमेकांना ओलांडणे भागच असेल तर काटकोनात ओलांडावे. एवढे करूनही स्पीकरमधून सतत गुणगुण ऐकू येत असेल, तर टीव्ही, अ‍ॅम्प्लिफायर आणि सेट टॉप बॉक्स एकाच बोर्डावर जोडून पाहावेत. गुणगुण जाते म्हणून प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला काही जण देतात. तो धुडकावून लावावा. ती पिन जीव वाचवण्यासाठी असते.

प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी लावून स्पीकरचे नाव लिहावे. धन आणि ऋण टोके उलटी लागली तर आवाज येतो, पण खर्ज हरवतो. तपासणीसाठी अ‍ॅम्प्लिफायरपासून सोडवलेल्या वायरीला दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवावा. सेलचे धन टोक स्पीकरच्या धन टोकाला लागले असेल तर पडदा बाहेर सरकतो.

'वायरलेस' स्पीकरनाही वीज लागतेच, हे विसरू नये. म्हणजे स्पीकरची वायर वाचली तरी तेथे सॉकेट काढावा लागतो.

जागा आणि घोंगडी

समोरचे दोन स्पीकर परस्परांपासून जितके दूर, तितकेच ते ऐकणाऱ्यापासून दूर असावेत, म्हणजे तिघांचा समभुज त्रिकोण होतो. मागचे दोन कानाच्या रेषेपेक्षा किंचित मागे आणि थोडे उंच लावावेत. सबवूफरची जागा शोधण्याची युक्ती बिनखर्ची आहे. तो बसण्याच्या जागी ठेवून गाणे लावावे आणि स्वतः खोलीभर फिरावे. जेथे खर्ज घुमत नाही आणि लोपतही नाही, तेथे सबवूफर ठेवावा.

सिमेंटच्या उघड्या भिंतींवरून आवाज परावर्तित होऊन संवाद अस्पष्ट होतात. त्यासाठी महागडे फोमचे तक्ते आणण्यापूर्वी घरातील घोंगड्या, जुन्या गाद्या आणि पुस्तकांची कपाटे वापरून पाहावीत. जाड पडद्याचे कापड शेजारच्या इचलकरंजीच्या बाजारात मिळते. मात्र कापड अ‍ॅम्प्लिफायरपासून दूर ठेवावे. त्याला चहूबाजूंनी हवा लागते.

नियमांचे भान

तळघराचा वापर कशासाठी करता येतो, यावर राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत (२०२०) बंधने आहेत. काम सुरू करण्यापूर्वी नगरपरिषदेत मंजूर नकाशा दाखवून खात्री करून घ्यावी. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. खर्ज जमिनीतून आणि खांबांतून प्रवास करतो. म्हणून सबवूफरखाली जाड रबराचा तुकडा ठेवावा. वीज गेली म्हणून तळघरात जनरेटर चालवू नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नसतो, वासही नसतो आणि बंद जागेत तो प्राणघातक ठरतो. ज्याला दुसरा दरवाजा किंवा मोठी खिडकी नाही, अशा तळघरात पाहुण्यांना कोंडून बसवणेही योग्य नव्हे.

स्पीकर दर पाच-दहा वर्षांनी बदलता येतात, अ‍ॅम्प्लिफायरही बदलता येतो. भिंतीत एकदा गेलेली वायर मात्र घर असेपर्यंत तेथेच राहते. म्हणूनच दुकानात स्पीकर ऐकायला जाण्यापूर्वी एक पावसाळा तळघराला द्यावा आणि एक दिवस वायरमनला.