वर्तुळाकार प्लेटच्या कंपनांचे संख्यात्मक विश्लेषण

वर्तुळाकार प्लेटच्या कंपनांचे संख्यात्मक विश्लेषण म्हणजे पातळ, गोल आणि ताठर तबकडीच्या नैसर्गिक वारंवारता व कंपनप्रकार गणनेने काढण्याच्या पद्धतींचा अभ्यास होय. गोल करवती, टर्बाइनच्या चकत्या, दाबमापकांतील पडद्या व टाक्यांची झाकणे यांच्या आराखड्यात हे विश्लेषण आवश्यक असते. बाह्य बलाची वारंवारता प्लेटच्या नैसर्गिक वारंवारतेजवळ आल्यास कंपनांचा आयाम अतिशय वाढतो. यास अनुस्पंदन म्हणतात आणि त्यामुळे भाग तडकू शकतो. तबल्याच्या पटलाची प्रत्यानयन शक्ती ताणातून येते, तर प्लेटची तिच्या वाकण-ताठरतेतून येते. म्हणून दोहोंची समीकरणे भिन्न आहेत.

पार्श्वभूमी

जर्मन भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट क्लाड्नी यांनी १७८७ मध्ये वाळू पसरलेल्या प्लेटवर धनुकली घासून निस्पंद रेषांच्या आकृत्या प्रसिद्ध केल्या. गुस्ताव किरखॉफ यांनी १८५० मध्ये पातळ प्लेटचा सिद्धांत मांडला व मोकळ्या कडेच्या वर्तुळाकार प्लेटचे उत्तर बेसेल फलनांच्या साहाय्याने दिले. सर्वत्र समान जाडीच्या प्लेटसाठी असे अचूक उत्तर मिळते. जाडी अनियमितपणे बदलणारी असल्यास, केंद्राबाहेर छिद्र असल्यास किंवा कडेचा काहीच भाग जखडलेला असल्यास मात्र संख्यात्मक पद्धतींचा आश्रय घ्यावा लागतो. अशा वेळी साध्या प्लेटचे अचूक उत्तर पद्धतीची कसोटी म्हणून उपयोगी पडते.

तुलनेसाठी अपरिमाणी वारंवारता वापरतात. कोनीय वारंवारतेस त्रिज्येच्या वर्गाने आणि एकक क्षेत्रफळाचे वस्तुमान भागिले वाकण-ताठरता याच्या वर्गमुळाने गुणले असता ती मिळते. कड पूर्णपणे जखडलेल्या प्लेटसाठी तिचे सर्वांत लहान मूल्य १०.२१६ आहे.

रॅले–रिट्झ पद्धत

या पद्धतीत प्लेटच्या वाकलेल्या आकाराचा अंदाज धरून वाकण्याची स्थितिज ऊर्जा व गतिज ऊर्जा यांच्या गुणोत्तरावरून वारंवारता काढतात. लॉर्ड रॅले यांच्या ध्वनिविषयक ग्रंथात (१८७७) या विचाराचा पाया आहे. वाल्टर रिट्झ यांनी १९०९ मध्ये अनेक फलनांची बेरीज घेऊन चौरस प्लेटचा प्रश्न सोडविला.

केंद्रापासूनचे अंतर त्रिज्येच्या प्रमाणात मोजून, एकातून त्या अंतराचा वर्ग वजा केला आणि येणाऱ्या संख्येचा वर्ग हा जखडलेल्या प्लेटचा आकार मानला, तर १०.३२८ हे मूल्य येते. यातील त्रुटी सुमारे १.१ टक्के आहे. त्याच संख्येच्या घनाचे दुसरे पद जोडल्यास उत्तर १०.२१७ पर्यंत येते.

दोन्ही उत्तरे अचूक मूल्याहून मोठी आहेत. अंदाजित आकार प्लेटवर एक प्रकारचे अतिरिक्त बंधन लादतो, त्यामुळे ही पद्धत सर्वांत लहान वारंवारतेची वरची मर्यादाच देते. यंत्र या वारंवारतेच्या खाली चालविण्याचे योजले असल्यास सुरक्षिततेचे अंतर प्रत्यक्षापेक्षा अधिक भासते.

सांत फरक व सांत घटक पद्धती

सांत फरक पद्धतीत अवकलजांऐवजी जाळीच्या बिंदूंवरील मूल्यांचे फरक वापरतात. ध्रुवीय निर्देशकांत केंद्राशी शून्याने भागाकार उद्भवतो. तेथे सममितीवर आधारित वेगळी अट द्यावी लागते.

सांत घटक पद्धतीत, म्हणजेच फायनाइट एलिमेंट मेथडमध्ये, प्लेटचे लहान घटक पाडून ताठरता व वस्तुमान यांच्या मॅट्रिक्स रचतात आणि आयगेन मूल्ये काढतात. जाड प्लेटसाठी रेमंड मिंडलिन यांच्या १९५१ च्या सिद्धांतातील कर्तन-विरूपण विचारात घ्यावे लागते. मात्र त्यावर आधारित साधे घटक अतिशय पातळ प्लेटसाठी वापरल्यास ते कृत्रिमरीत्या ताठर होतात व वारंवारता पुन्हा वाढीव येते. व्यासावर निस्पंद रेषा असलेले कंपनप्रकार समान वारंवारतेच्या जोड्यांनी येतात. असममित जाळीमुळे या जोडीची मूल्ये किंचित वेगळी दिसू शकतात, परंतु तो प्लेटचा गुणधर्म नसतो.

बहुभुजाचा विरोधाभास

वर्तुळाऐवजी अधिकाधिक बाजूंचा बहुभुज घेतल्यास उत्तर अचूक होत जाईल, ही अपेक्षा नेहमी खरी ठरत नाही. कड नुसती टेकवलेल्या पातळ प्लेटबाबतचा हा दोष बाबुश्का विरोधाभास या नावाने ओळखला जातो. पॉयसाँ गुणोत्तर ०.३ असताना अशा वर्तुळाकार प्लेटचे अचूक मूल्य ४.९३५ आहे. बहुभुजाच्या बाजूंवर विस्थापन सर्वत्र शून्य ठेवल्यास, बाजू कितीही वाढविल्या तरी उत्तर ५.७८३ कडे जाते. ही त्रुटी सुमारे १७ टक्के आहे.

सरळ बाजूच्या दिशेने प्लेटला वक्रता नसते. वर्तुळाकार कडेवर ती असते आणि वाकविणाऱ्या परिबलात पॉयसाँ गुणोत्तरामार्फत तिचा वाटा असतो. बहुभुजात हा वाटा सीमाअटीतूनच गळतो. म्हणून जाळी बारीक केल्यावर उत्तर स्थिरावले, एवढ्यावरून ते बरोबर ठरत नाही. वक्र कडेचे घटक वापरणे आणि ज्ञात अचूक उत्तराशी पडताळणी करणे, हे यावरील उपाय आहेत.