मुलीला खोडदला नेलंत का?

मैत्रिणींनो, दहावीचा निकाल लागला की कितीतरी घरांत ऐकू येतं, "सायन्सचा खर्च मुलासाठी करू, तिला काय करायचंय?" बोलणारं कोणी परकं नसतं, आपणच असतो!

१९३३ साली बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी कमला भागवत यांना मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटून बसल्या, वर्षभराच्या अटीवर आत शिरल्या आणि १९३९ मध्ये केंब्रिजच्या डॉक्टर झाल्या. याच कमलाबाई सोहोनी.

रामन यांच्याच शोधाचा दिवस, २८ फेब्रुवारी, १९८७ पासून राष्ट्रीय विज्ञान दिन आहे. जुन्नर तालुक्यातल्या खोडदला त्या सुमारास रेडिओ दुर्बिणीचं आवार सर्वांना खुलं असतं. पंचेचाळीस मीटर रुंदीच्या तबकड्या जवळून पाहाव्यात! गावोगावची शाळकरी मुलं-मुली तिथे आपले प्रयोग मांडतात.

नववी ते बारावीच्या मुलींसाठी सरकारची 'विज्ञान ज्योती' योजनाही २०१९ मध्ये सुरू झाली. त्यात प्रयोगशाळा दाखवतात, पालकांशीही बोलतात. शाळेत चौकशी करा.

तेव्हा डबा भरा, लेकीला घेऊन निघा. तिथे तिनं प्रश्न विचारला, तर तेवढं "गप्प बस" म्हणू नका.