आतड्यातले बिऱ्हाडकरू

पोटाच्या बाबतीत आपली मराठी फार श्रीमंत आहे. आपण दुसऱ्याचा अपराध पोटात घालतो, गुपित पोटात ठेवतो, भीतीने आपल्या पोटात गोळा येतो. पण याच पोटातल्या शेवटच्या पाच फुटांबद्दल, म्हणजे मोठ्या आतड्याबद्दल, बोलायची वेळ आली की आपली जीभ अडखळते. हा संकोच कधी कधी जिवावर बेततो.

आमच्या मेहरूणमध्ये एक चाचा होते. शौचातून रक्त जायचं. वर्षभर त्यांनी घरात सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा सगळ्यांनी मिळून ठरवलं, मूळव्याध. रस्त्यावरची पाटी वाचून एका ठिकाणी उपचार सुरू झाले, मिरची बंद झाली, चूर्ण सुरू झालं. दुर्बिणीने तपासावं असं कुणालाच सुचलं नाही. अखेर निदान झालं ते मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचं, आणि तेव्हा फार उशीर झाला होता. दफनविधीनंतर काही दिवसांनी त्यांच्या मुलाने मला विचारलं, "अब्बांना विडी नाही, दारू नाही. मग हे आलं कुठून?"

मी कविता लिहिणारा माणूस, शिक्षण बी.ए.पर्यंतचं. पण त्या प्रश्नाने मला वाचायला लावलं, डॉक्टर मित्रांना छळायला लावलं. जे हाती लागलं ते तुम्हाला सांगतो.

हा कर्करोग एका रात्रीत होत नाही. बहुतेक वेळा आतड्याच्या अस्तरावर आधी चामखिळीसारखा एक कोंब येतो. डॉक्टर त्याला पॉलिप म्हणतात. बहुतेक पॉलिप निरुपद्रवी राहतात. काहींतल्या पेशी मात्र हळूहळू, अनेकदा दहा-दहा वर्षं घेऊन बिघडत जातात. वाढतं वय, आनुवंशिकता, लठ्ठपणा, तंबाखू, दारू ही त्याची माहीत असलेली कारणं. त्या यादीच्या शेजारी आता एक नवा संशयित उभा आहे : आपल्या आतड्यातले जिवाणू.

आपल्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू राहतात, असा अंदाज आहे. बहुतेकांचा मुक्काम मोठ्या आतड्यात. सगळ्यांचं वजन केलं तर पाव किलोच्या आत भरेल. हे आपले बिऱ्हाडकरू. आपल्याला न पचलेलं ते खातात, आणि भाडं म्हणून उपयोगी पदार्थ देतात. हजार भाडेकरूंत दोन-चार उपद्रवी निघायचेच.

जिवाणूमुळे कर्करोग, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण जठराच्या बाबतीत ते सिद्ध झालेलं आहे. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू दाखवला, तेव्हा लोक हसले. १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने त्याला कर्ककारक ठरवलं आणि २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

मोठ्या आतड्यातला पहिला संशयित फ्युसोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम. हा मूळचा तोंडातला, हिरड्यांच्या आजारात सापडणारा. २०११ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या दोन वेगवेगळ्या गटांना तो आतड्याच्या गाठींमध्ये मोठ्या संख्येने आढळला. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या सिएटलच्या संशोधकांनी त्याचा एक विशिष्ट उपप्रकार तपासलेल्या गाठींपैकी सुमारे निम्म्यांत पाहिला. आपल्याकडे टाटा मेमोरियल सेंटरच्या खारघरमधल्या संशोधकांनी २०२२ मध्ये भारतीय रुग्णांच्या तोंडाच्या कर्करोगातही याच जिवाणूची नोंद केली.

दुसरा संशयित आपल्या ओळखीच्या ई. कोलायचा एक प्रकार. तो कोलिबॅक्टिन नावाचं विष तयार करतो. ते विष पेशीतल्या डीएनएवर स्वतःचा ठसा सोडतं, हे २०२० मध्ये नेदरलँड्समधल्या प्रयोगशाळेत दिसलं. २०२५ मध्ये ११ देशांतल्या ९८१ रुग्णांच्या गाठी तपासल्या गेल्या. सत्तरीपुढच्या रुग्णांपेक्षा चाळिशीच्या आतल्या रुग्णांत हा ठसा ३.३ पट अधिक आढळला. तो बहुधा वयाच्या पहिल्या दहा वर्षांतच उमटत असावा, असं संशोधकांना वाटतं. त्या ११ देशांत भारत नव्हता, हे लक्षात ठेवायला हवं.

मग गुन्हेगार सापडला का? इथे जरा थांबू या. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, असं आपण म्हणतो. गाठीच्या आत प्राणवायू कमी असतो, आणि फ्युसोबॅक्टेरियमला नेमकी अशीच जागा आवडते. म्हणजे गाठ आधी आणि जिवाणू नंतर, असंही असू शकतं. उंदरांवरच्या प्रयोगांत तो गाठ वाढवताना दिसतो. पण माणसात सुरुवात तोच करतो, हे अजून सिद्ध झालेलं नाही. कोलिबॅक्टिनचा ठसा हा अधिक बळकट पुरावा आहे, तरी तोही एकटा पुरेसा नाही. हे जिवाणू असलेली असंख्य माणसं ठणठणीत असतात.

आता ताटाकडे येऊ. अन्नातला चोथा, म्हणजे तंतू, चांगल्या जिवाणूंचं खाद्य. ते खाऊन ते ब्युटिरेट नावाचं आम्ल बनवतात. आतड्याच्या अस्तराच्या पेशी त्यावरच पोसल्या जातात. युगांडात काम केलेल्या डेनिस बर्किट या आयरिश डॉक्टरने १९७१ मध्येच आफ्रिकी खेड्यांत हा कर्करोग विरळ का, याचा संबंध चोथ्याशी जोडला होता. २०१५ मध्ये एक गमतीचा प्रयोग प्रसिद्ध झाला. २० आफ्रिकी-अमेरिकन आणि दक्षिण आफ्रिकेतल्या खेड्यांतल्या २० लोकांनी दोन आठवडे आहाराची अदलाबदल केली. तेवढ्यात अमेरिकनांचं ब्युटिरेट वाढलं, आतड्याचा दाह कमी झाला. खेडुतांचं नेमकं उलट झालं.

आपल्या बार्शीला १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. कार्यकर्ते गावोगाव फिरून नोंदी घेत. त्या नोंदींत मोठ्या आतड्याचा कर्करोग फार कमी दिसतो. तपासणी कमी, हेही त्याचं एक कारण असेल. पण ज्वारीची भाकरी आणि डाळ यांचं श्रेय अगदीच नाकारता येत नाही. आम्हा खानदेशकरांकडे तर कळण्याची भाकरी, दादरची भाकरी, वांग्याचं भरीत हे सगळं आहेच. आता त्याच ताटात मैदा आणि पाकिटातले पदार्थ शिरलेत. मांसाबद्दलही सांगतो, कारण बकरी ईदला आमच्या घरीही ते शिजतं. २०१५ मध्ये सॉसेजसारखं प्रक्रिया केलेलं मांस कर्ककारक ठरवलं गेलं आणि ताजं लाल मांस 'बहुधा कर्ककारक' या गटात गेलं. सणाला खावं, रोज भरपूर खाऊ नये, एवढाच त्याचा व्यवहारी अर्थ.

मात्र भाकरी म्हणजे ताईत नव्हे. रोज भाकरी खाणाऱ्यालाही हा रोग होऊ शकतो. आणि जिवाणू वाईट म्हणून मनाने अँटिबायोटिकच्या गोळ्या घेणं म्हणजे दोन भाडेकरूंपायी अख्खी चाळ पेटवणं. जिवाणू मारून हा कर्करोग टाळण्याचं औषध आज बाजारात नाही. कुणी विकत असेल तर घेऊ नका.

२०२२ मध्ये देशात या कर्करोगाचे सुमारे ७० हजार नवे रुग्ण झाले, असा अंदाज आहे. त्यांतल्या अनेकांना वेळेवर कळलं असतं, तर दुर्बिणीच्या तपासणीतच पॉलिप काढून टाकता आला असता. म्हणून शौचातून रक्त दिसलं, शौचाची सवय काही आठवडे बदललेली राहिली, कारण नसताना वजन घटलं किंवा अंगातलं रक्त कमी झालं, तर स्वतःच 'मूळव्याध' म्हणून मोकळं होऊ नका. घरात कुणाला हा रोग झाला असेल तर त्रास नसतानाही डॉक्टरांना विचारा. ते विचारतील ते सगळं, रंगासकट, स्पष्ट सांगा. त्यांना त्यात लाज वाटत नाही. आपणही वाटून घेऊ नये.